खोऱ्यांचे दप्तर

अष्टप्रधानांपैकी सचिव, ज्याला फारसी वळणाने सुरनीस म्हणत, याच्याकडे स्वराज्याच्या कागदपत्रांची देखरेख असे. छत्रपतींच्या नावे निघणारे पत्र त्याने वाचावे, त्यातील अधिक-उणे दुरुस्त करावे, महालोमहालीचे हिशेब पाहावेत आणि मगच संमतीची खूण करून ते पुढे जाऊ द्यावे, अशी त्या पदाची कामगिरी होती. याच पदावरील शंकराजी नारायण गांडेकर यांना छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी चाललेल्या त्या प्रदीर्घ संग्रामातील सेवेबद्दल, जो मुलूख मिळाला त्यातून १६९७ च्या सुमारास पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा पाया घातला गेला आणि ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ते संस्थान अडीचशे वर्षे टिकले. ज्या गावाचा राजवंश कागद पारखण्याच्या पदातून निघाला त्या गावी, आणि राजगड-तोरण्याच्या छायेत पसरलेल्या शेजारच्या वेल्ह्यात, डिजिटल ग्रंथालय उभारावयाचे तर त्याचा आरंभ संगणकांच्या खरेदीपासून न होता संग्रहाच्या विचारापासून व्हावा, असे मला फार निकडीने वाटते.

लहान शहरांत डिजिटल ग्रंथालय म्हणजे संगणकांची एक खोली, जलद इंटरनेट आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके, अशी समजूत रूढ होत चालली आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींची ती गरज खरी आहे व ती भागवलीच पाहिजे. परंतु जे पुणे-मुंबईत, खरगपूरच्या आयआयटीने चालवलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात किंवा मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळते, त्याच्याच प्रती भोरात साठवण्यात खर्च होणारा पैसा आणि श्रम यांचे फळ काय? वि. का. राजवाडे यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील २२ खंड, गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून काढलेले ४५ खंड, पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर, हे ग्रंथ स्कॅन होऊन केव्हाच सर्वत्र पोचले आहेत. त्यांच्या बाबतीत भोरच्या ग्रंथालयाने एकच काम करावे: त्यांत भोर-वेल्ह्याचे कोणते गाव, कोणते घराणे, कोणता घाट कोठे आला आहे याची नीटस सूची करून ती सर्वांना खुली करावी. असली सूची बाहेरच्या संस्थेला साधणार नाही, कारण आंबवडे कोणते, कारी कोठली, शिंद कोणत्या खोऱ्यात, हे ज्याच्या पायाखालचे आहे त्यालाच ते चटकन कळते.

या मुलखाची खरी दौलत एकेका प्रतीत आहे. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेधे यांचे गाव. त्या देशमुख घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक शकावली विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. १६१८ ते १६९७ या काळातील घटनांची तिथीवार टिपणे असलेली हीच ती जेधे शकावली. शिवजन्माची तिथी शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया असल्याचे तिने सांगितले. त्यावर पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ वाद-प्रतिवाद झाले आणि अखेरीस महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर राजधानीच्या दफ्तरखान्यात नव्हते, मावळातल्या एका वाड्यात होते. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानदखोरे, वेळवंडखोरे, मोसेखोरे, या प्रत्येक खोऱ्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांची घराणी होती आणि प्रत्येकाच्या पेटीत महजर, निवाडपत्रे, करीने, खुर्दखते, वंशावळी होत्या.

हे कागद इतकी वर्षे जपले गेले यामागे केवळ पूर्वजांविषयीचा आदर नव्हता. वतनाचा हक्क कागदावर उभा होता, आणि वाद उपस्थित झाला की गोतसभेपुढे किंवा सरकारात पेटीतला कागदच साक्ष देई. परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा १९५० मध्ये झाला, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली, पुढे पाटीलकीही संपली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या दिवसापासून घरातल्या कागदांच्या रुमालाची व्यावहारिक गरज उरली नाही, त्यातली मोडी वाचणारा आजोबा गेला, आणि वाडा पाडून स्लॅबचे घर बांधताना माळ्यावरचे गाठोडे कोठे ठेवावे हा प्रश्न घरोघर पडू लागला. डिजिटल ग्रंथालयाने पहिला हात घालावा तो येथे.

मात्र तो हात कागद उचलून नेणारा नसावा. संशोधक आला, कागद घेऊन गेला आणि पुन्हा दिसला नाही, अशी तक्रार मावळात जुनी आहे आणि तीत तथ्य आहे. आता छायाचित्र घेण्याचे साधन घरी नेता येते. मूळ कागद मालकाच्या पेटीत राहावा, त्याला आम्लरहित कागदाचे वेष्टन द्यावे, आणि त्याची प्रतिमा, दोन्ही बाजूंची, मोजपट्टी व रंगपट्टीसह, ग्रंथालयात यावी. पाठीमागचा शेरा, शिक्का, मोर्तब, घडीच्या खुणा यांतले काहीही वगळू नये. याचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानी येईल. रोहिडखोरे व वेळवंडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांना शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये लिहिले म्हणून सांगितले जाणारे, हिंदवी स्वराज्याचा उल्लेख असलेले सुप्रसिद्ध पत्र राजवाड्यांच्या पंधराव्या खंडात छापलेले आहे आणि रायरेश्वराच्या शपथेची सारी कथा त्याच्या आधाराने सांगितली जाते. परंतु त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. छापील मजकुरावरून अशा वादाचा पुरता निकाल लागत नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, मुद्रा, कालोल्लेख यांचा एकत्र विचार करावा लागतो. म्हणून ग्रंथालयाने प्रत्येक कागदाबरोबर तो कोणाच्या घरून आला, कोणी कधी पाहिला, अस्सल आहे की नक्कल, हे नोंदवावे, आणि जे वादग्रस्त आहे ते वादग्रस्त म्हणूनच मांडावे. शपथेवर श्रद्धा असणाऱ्या मनालाही त्यात अवमान वाटण्याचे कारण नाही.

वर्णनसूचीचे काम सर्वांत कष्टाचे आहे. एकाच रुमालात शके, सुहूर सन, फसली आणि राज्याभिषेक शक अशा निरनिराळ्या गणना आढळतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन येतो, फसलीत ५९० किंवा ५९१. मूळ कालोल्लेख जसाच्या तसा लिहून त्याच्या शेजारी इसवी सन दिला नाही तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले, त्यामुळे लिप्यंतराबरोबर मूळ लिपीतही मजकूर ठेवणे शक्य झाले आहे. तरी हस्तलिखित मोडी वाचावयाला अजून माणूसच लागतो. भोरच्या महाविद्यालयातील दहा-पंधरा विद्यार्थी दोन वर्षे मोडी शिकले, तर ग्रंथालयाला त्यांच्याइतके मोलाचे दुसरे कोणतेही यंत्र लाभणार नाही.

कागद हे मुख्यतः वतनदारांचे आणि पुरुषांचे. ज्यांच्या नावे कधी कागद झाला नाही त्यांचे काय, या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर याच जिल्ह्यात दिले गेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या मावळपट्ट्यातील खेड्यांपासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला तो एक लाखाच्या वर गेला आणि हजारावर गावांत पसरला. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका यांसह, ध्वनी व मजकूर एकत्र ठेवून, प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मला या कार्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. पहाटे दळताना सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, भीमराव यांच्याविषयी बाई जे बोलली ते लोकसाहित्य या एका सामान्य नावाखाली विरघळून न जाता तिच्या स्वतःच्या नावाने उभे राहिले. भोर-वेल्ह्याच्या ग्रंथालयाने हीच रीत पत्करावी: गावोगावची भजने, जागरण-गोंधळ, भातलावणीची गाणी, रानातल्या औषधांची माहिती, धनगरवाड्यांवरच्या कथा, जे जे ध्वनिमुद्रित होईल त्यावर सांगणाऱ्याचे नाव असावे आणि एक प्रत त्याच्या घरी पोचावी. गावची शीव कोठून कोठे, हे पूर्वी महार सांगत आणि त्यांची साक्ष प्रमाण मानली जाई; तो भूगोल अजून ज्या वृद्धांच्या मुखी आहे त्यांच्यासह शिवेवरून चालून तो टिपून घेणे, हेही ग्रंथसंग्रहाइतकेच ग्रंथालयाचे काम मानले पाहिजे.

या मुलखाची वाटणी कशी करावी? तालुक्यांनी केलेली वाटणी टिकत नाही. संस्थानाच्या काळी विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते आणि त्यांतला सुधागड घाटाखाली, पालीकडे. आज तो रायगड जिल्ह्यात आहे. वेल्हे तालुक्याला शासनाने अलीकडे राजगड हे नाव दिले. नदी मात्र जागची हलत नाही, म्हणून संग्रहाची मांडणी नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी, मोसे यांच्या खोऱ्यांनी करावी. राजगड जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक झाला. गडाच्या बुरुजांची छायाचित्रे आता जगभर निघतील, पण गडाखालच्या गुंजवणे, पाली, वाजेघर येथल्या शाळेची जुनी रजिस्टरे आणि ग्रामसभेची इतिवृत्ते जतन करण्याची चिंता बाहेरचा कोणी करणार नाही.

आता सर्वांना काय द्यावे याचा विचार. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राजवाडे १९२६ मध्ये गेले, सरदेसाई १९५९ मध्ये, त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ मध्ये. त्यांचे लेखन आज मुक्त आहे. राजगडावर जीव जडलेल्या गो. नी. दांडेकरांचे निधन १९९८ चे, तेव्हा त्यांची पुस्तके वारसांच्या अनुमतीवाचून २०५८ अखेरपर्यंत मांडता येणार नाहीत. कायद्याची ही बाजू सोपी आहे. माणसांची बाजू अवघड आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी महसूल खात्याने कुणबी नोंदी शोधताना तहसिलींतील जुनी कोतवाल बुके, पाहणीपत्रके, मोडीतले कागद बाहेर काढून त्यांच्या प्रतिमा संकेतस्थळांवर ठेवल्या, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचा एक जन्म-मृत्यूचा शेरा जिवंत माणसाच्या आयुष्यात किती उलथापालथ करू शकतो हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. म्हणून घरच्या कागदांतील कर्ज, दत्तक, भाऊबंदकी, जातिबहिष्कार यांचे उल्लेख सरसकट खुले करू नयेत; देणाऱ्याने ठरवलेली मुदत लेखी नोंदवावी आणि ती अधिकाऱ्यांच्या बदलीबरोबर विस्मृतीत जाणार नाही अशी व्यवस्था करावी. काही कागद केवळ ग्रंथालयात बसून पाहावेत, काही नातवाच्या पिढीने उघडावेत. दाता विश्वासाने पेटी उघडतो तो या कबुलीवरच.

कारभार कोणी पाहावा? भोरला नगरपालिका आहे, वेल्ह्याला नाही; म्हणून नगरपालिका, दोन्ही पंचायत समित्या आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली गावोगावची वाचनालये यांचे संयुक्त मंडळ असावे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता, तेव्हा दक्षिणी संस्थानांच्या मुलखाला हा विचार परका नाही. प्रतिमांची एक प्रत भोरात, दुसरी पुण्यातील एखाद्या जाणत्या संस्थेत आणि तिसरी त्या त्या खोऱ्यातील शाळेत चकतीवर असावी, कारण वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांत मोबाईलला रेंज मिळण्याची आजही खात्री नसते.

आणि आरंभ जलाशयांपासून करावा. भाटघरचा मोठा बंधारा १९२८ मध्ये पुरा झाला. वेळवंडी खोऱ्यातून त्या वेळी उठलेल्या माणसांपैकी आता कोणी सांगणारे उरले नसेल, त्यांच्या नातवंडांची सांगीवांगी आणि भूसंपादनाचे कागद एवढ्यावरच भागवावे लागेल. पानशेतचे धरण वेल्हे तालुक्यात १९५७ मध्ये सुरू झाले आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या दिवशीच्या पुण्याच्या हाहाकारावर पुष्कळ लिहिले गेले. आंबीच्या खोऱ्यातून धरणासाठी आधीच उठलेल्या गावांवर फार थोडे. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज पंच्याहत्तरीच्या पलीकडे आहेत आणि दूरच्या तालुक्यांत विखुरली आहेत. भातकापणी उरकली की कार्तिक-मार्गशीर्षात लोकांना बोलावयास फुरसत असते. ग्रंथालयाची इमारत, तिचे टेंडर, उद्घाटनाची तारीख, सारे पुढे पाहता येईल. त्या वृद्धांच्या दारी ध्वनिमुद्रक आणि गावाचा जुना नकाशा घेऊन दोघा-तिघांनी याच हिवाळ्यात जावे, आणि बुडालेल्या गावातले कोणते घर कोठे होते, देऊळ कोणत्या अंगाला होते, विहिरीचे नाव काय होते, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्यावे.