कोठीच्या कुंपणालगतची सुधारणा

हैदराबादेतील कोठी म्हणजे पूर्वीची ब्रिटिश रेसिडेन्सी होय. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उभारलेल्या त्या प्रासादात १९४९ साली महिला महाविद्यालय आले. आज तेथे महिला विद्यापीठ आहे. प्रासादाभोवतीचे बाजार, त्यांत सुलतान बाजारही आला, १९३३ पर्यंत निजामाच्या नव्हे तर रेसिडेंटच्या हुकमतीखाली होते. ही बाब वरकरणी केवळ प्रशासकीय वाटते. तथापि निजामी राज्यातील धर्मसुधारणेचा विचार करावयाचा तर तेथूनच आरंभ करावा लागतो. निजामाच्या हद्दीत जे उघडपणे बोलणे अवघड होते, ते या बाजारांत त्या मानाने निर्धास्तपणे बोलता येई. १८९२ साली हैदराबादचा आर्यसमाज सुलतान बाजारातच स्थापन व्हावा, हा मला योगायोग वाटत नाही. परसत्तेच्या कुंपणाने सुधारकाला आश्रय दिला खरा. पण त्याच्या आवाजाला कोण ऐकणार आणि कोण वगळला जाणार, तेही काही अंशी त्याच कुंपणाने ठरविले.

मुस्लिम सुधारणेचा उगम मात्र दरबारी अधिकाऱ्यांत होता. सर सय्यद अहमद खान यांचे सहकारी मौलवी चिराग अली १८७७ साली निजामाच्या सेवेत आले. कोठीजवळच, आबिड्सच्या परिसरात, त्यांच्या नावाची गल्ली आहे. १८८१ साली माल्कम मॅकॉल नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूने एका इंग्रजी मासिकात असे प्रतिपादन केले की, मुसलमानी राज्यात सुधारणा संभवतच नाही. चिराग अलींनी १८८३ साली ग्रंथरूपाने त्यास उत्तर दिले. फिकह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी रचलेले कायदे, ही मानवी कृती आहे. कुराण म्हणजे नागरी कायद्याची संहिता नव्हे. म्हणून बहुपत्नीत्व, गुलामगिरी आदी प्रथांचा पुनर्विचार धर्म न सोडता करता येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपण धर्मगुरूंनी येथे थोडे थांबावे. इतका मूलगामी ग्रंथ आमच्यापैकी एकाच्या आरोपाला उत्तर म्हणून लिहिला गेला, आणि तोही इंग्रजीत. स्वतःच्या घरची झाडलोट करताना शेजाऱ्याला जबाब देत बसावे लागणे, हे वसाहतकालीन सुधारणेचे दुखणेच होते.

हिंदू सुधारणेत मराठी मंडळींचा वाटा मोठा होता. वकील व पुढे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) आर्यसमाजाचे धुरीण होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी पाठशाळेमागेही त्यांचे आणि वामनराव नाईक यांचे श्रम होते. याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर १९२१ मध्ये संस्थानातील समाजसुधारकांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. त्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून स्वजनांचा रोष पत्करला होता व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले होते. व्यासपीठावर याहून अधिकारी पुरुष कोण असणार? उर्दू, मराठी, इंग्रजी अशी भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगू भाषेत बोलू लागले. श्रोत्यांनी आरडाओरड करून त्यांना बोलू दिले नाही.

संस्थानातील सर्वांत मोठ्या लोकसमूहाची भाषा तेलुगू होती. जेथे विधवेच्या मुक्तीविषयी कळकळीने बोलले जात होते, तेथेच बहुजनांची वाणी हास्यास्पद ठरली. सभेतून उठून गेलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री आंध्र जनसंघाचा पाया घातला. त्यातूनच १९३० साली जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. आपल्या मराठी इतिहासकथनात ही संध्याकाळ क्वचितच येते. ती यावी, असे मला वाटते.

आणखी एक मनुष्य या परिसरात वावरत होता. भाग्यरेड्डी वर्मा (१८८८–१९३९) हे अस्पृश्य मानलेल्या माला समाजात जन्मले. १९०६ साली त्यांनी जगन्मित्र मंडळी स्थापिली व पुढे वस्त्यांतून शाळा काढल्या. ‘वर्मा’ ही उपाधी त्यांना आर्यसमाजाने दिली. परंतु दुसऱ्याने दिलेल्या पदवीत त्यांचे समाधान झाले नाही. आम्ही या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, या अर्थी त्यांनी ‘आदिहिंदू’ ही ओळख पुढे केली.

१९२० नंतर आर्यसमाजाची शुद्धी आणि मुसलमानांची तबलीग यांची चढाओढ लागली. मजलिसचे पुढारी बहादुर यार जंग दलितांमध्ये इस्लामचा प्रचार करीत. आर्यसमाज त्यांना परत आणू पाही. १९३८–३९ चा आर्यसमाजाचा सत्याग्रह धर्मस्वातंत्र्यासाठी होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांच्यासाठी ही ओढाताण चालली होती, त्यांना विचारले कोणी?

आपणही या ओढाताणीच्या बाहेर नव्हतो. मेदकचे भव्य मंदिर डिसेंबर १९२४ मध्ये समर्पित झाले, तेव्हा वेस्लियन मिशनने त्या भागातील माला व मादिगा वस्त्यांत कित्येक वर्षे सेवा केली होती. मिशनांच्या अहवालांत बाप्तिस्म्यांच्या संख्येला मानाचे स्थान असे. शुद्धीवाले व तबलीगवाले आकडे मोजत होते, तसेच आमचेही लोक मोजत होते. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या अंतःकरणातील भूक व श्रद्धा यांचा त्या आकड्यांत मागमूस नसे. आजचा धर्मशिक्षक त्याच कुटुंबांच्या चौथ्या पिढीला शिकवितो, तेव्हा त्यांच्या आजीआजोबांनी काय सोडले आणि कशासाठी, हे त्यांच्याच तोंडून ऐकण्यास अजूनही उशीर झालेला नाही.

१९३१ च्या जनगणनेत निजामाच्या सरकारने या समाजाची नोंद ‘आदिहिंदू’ अशी केली. आर्यसमाज, मजलिस किंवा मिशन यांपैकी कोणीही ते नाव ठेवले नव्हते.