होम सर्व्हरचा पोर्ट बिघडलाय? आधी केबल बघा

जुन्या कॉम्प्युटरचा होम सर्व्हर केला, घरातले फोटो-कागदपत्रं त्यात ठेवायची, पण फायली रेंगाळतात. लगेच नवा मदरबोर्ड घ्यायला निघू नका, असं आम्ही सांगू. लिनक्सवर 'इथटूल' कमांडने वेग तपासा. राउटर गिगाबिटचा असूनही 1000 ऐवजी 100 मेगाबिट दिसतंय? मग दोष बहुधा केबलचा. तिच्यात तारांच्या 4 जोड्या असतात; 100 ला दोनच पुरतात, 1000 ला चारही लागतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेट चालूच दिसतं, आणि माणूस फसतो!

पोर्टचा दिवाच लागत नसेल तर केबल बदला, राउटरचं दुसरं भोक वापरून बघा. दिवा आहे, पण आयपी मिळत नाही? नवं कार्ड बसवल्यावर पोर्टचं नाव बदलू शकतं आणि सेटिंग जुन्याच नावावर राहते. 'आयपी लिंक' कमांडने आताचं नाव बघा, तेच सेटिंगमध्ये टाका.