दुकानातील संगणकाची नाडी

संगणक सुरू होतो, बिल छापतो, म्हणजे तो धडधाकट आहे, असे आम्हीही समजत होतो. मग ऐन सणाच्या हंगामात हार्ड डिस्क बसली. बॅकअप होता, पण त्याच डिस्कवर! चार महिन्यांची उधारी आम्हाला बिलबुके आणि ग्राहकांच्या इमानावर पुन्हा लिहावी लागली. आमचे मुनीमजी तेव्हापासून बिलबुके फेकू देत नाहीत.

आता महिन्यातून एकदा आम्ही बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवतो, एखाद्या पार्टीचे खाते उघडतो आणि बाकी जुळते का पाहतो. जुळली तरच बॅकअप खरा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. डिस्क इतकी टिकेलच असे नाही. म्हणून एक प्रत संगणकाला न जोडता, दुकानाबाहेर ठेवावी.

विंडोज कोणती, तेही पाहावे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर फायली कुलूपबंद केल्या. त्यावरचे अपडेट मार्चमध्येच निघाले होते. ते न टाकणारे सापडले. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. राहिला यूपीएस. काम संपल्यावर त्याचा प्लग काढून बघा. संगणक रीतसर बंद करण्यापुरती मिनिटे मिळत नसतील तर बॅटरी बदला.