चौविहार आणि रुग्णसेविका

वैयावृत्त्याची गणना सहा आभ्यंतर तपांत होते. पेढी सांभाळणाऱ्या घरांत वृद्धांची ही सेवा आता बहुधा पगारी सेविका करते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर 2 तासांनी बदलणे, टाचा व माकडहाडावरील त्वचा लाल दिसताच घरच्यांना सांगणे, स्नान घालताना वृद्धांची लाज राखणे, हे तिचे कौशल्य. औषधाची मात्रा बदलणे तिच्या अधिकारात नाही.

तिची खरी कसोटी चौविहारात लागते. इन्सुलिन घेणाऱ्या आजी सूर्यास्तापूर्वी जेवतात. मध्यरात्री घाम फुटतो, हात कापतात, रक्तातील साखर 70 च्या खाली उतरते. शुद्ध आहे तोवर तत्काळ साखरपाणी द्यायला हवे. आजींचा नियम मोडेल या भयाने सेविका घरच्यांना उठवत बसते. शुद्ध हरपल्यावर तोंडावाटे काहीच देता येत नाही, रुग्णालय गाठावे लागते.

वस्तुतः पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार आहेच. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची ती मोकळीक. आजींना ती ठाऊक असते, सेविकेला कोणी सांगत नाही. इन्सुलिनच्या वेळा व मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, आगाराविषयी आजींनीच सेविकेला समक्ष सांगावे आणि ग्लुकोजचा डबा उशाशी ठेवावा.