सहा गॅलनचा गीझर

आमचं मोटरहोम गेल्या महिन्यात विकलं. घ्यायला आलेल्या तरुणाने इंजिन ऐकलं नाही, टायर पाहिले नाहीत. बाहेरून गीझरचं झाकण उघडलं आणि विचारलं, "टँकलेस नाहीये?" तेवढ्यावरून त्याने किंमत पाडली. पैशांचं सोडा, प्रश्न लागला.

मोटरहोममधल्या गीझरचं म्हणाल, तर नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तेव्हाचे बरेच गीझर फक्त गॅसवर चालायचे. वाऱ्याने पायलटची ज्योत विझली की गुडघ्यांवर बसून ती पुन्हा पेटवायची. संपला इतिहास.

खरी मजा २००० नंतर. आम्ही इंडियानात, एल्कहार्टपासून जवळच राहत होतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्या, याच भागात बनतात, आणि कारखान्यांत उरलेला माल विकणारी दुकानंही इथेच. तेव्हा गीझरची दोन घराणी होती. अ‍ॅटवूडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची. सबर्बनची पोलादी, आतून काचेसारखा लेप दिलेली. तिच्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो, जो टाकीच्या वाट्याची झीज स्वतः सोसतो. आमची सबर्बन. आधीच्या मालकाने रॉड कधी बदललाच नसावा. काढला तर आतली तार तेवढी शिल्लक होती आणि टाकी गळत होती.

एका डीलरने नव्या गीझरच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी सांगितली. वर गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा बसवायचा म्हटल्यावर "ते तुम्हाला जमणार नाही" हेही ऐकवलं. मग मी आणि शेजारचा एक निवृत्त इलेक्ट्रिशियन, दोघांनी तो बसवला.

या गीझरमध्ये दोन विजा शेजारी नांदतात. ठिणगी, गॅसचा व्हॉल्व्ह आणि कंट्रोल बोर्ड बॅटरीच्या १२ व्होल्टवर. १,४४० वॅटचं एलिमेंट १२० व्होल्टवर. एसीत काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल, तर डीसीत अनेकदा काळीच ऋण. रंगावर विश्वास ठेवला तर मेलात; प्रत्येक वायरला मीटर लावायचा. ब्रेकरच्या पेटीत जागा नव्हती, म्हणून एका खाचेत दोन ब्रेकर मावतात तसला जोडब्रेकर घातला. गॅसचा जोड साबणाच्या पाण्याने तपासला, बुडबुडा नाही. मग टाकी भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत शेजाऱ्याने विजेच्या बटणाला हात लावू दिला नाही. कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतं.

त्यानंतरची वर्षं आमची चैनीची. कँपग्राउंडच्या रोजच्या भाड्यात वीज धरलेली, म्हणून तिथे गीझर विजेवर. जंगलात गेलो की प्रोपेनवर. अर्थात ३० अँपिअरच्या जोडणीत गीझर एकटाच १२ खातो. एसी चालू असताना बायकोने मायक्रोवेव्ह लावला की सगळं ठप्प, आणि दोष माझ्या वायरिंगला! सहा गॅलन म्हणजे जेमतेम तेवीस लिटर. भारतातून आलेल्या आईने शॉवरकडे पाहिलंही नाही. बादली-तांब्या मागितला आणि सर्वांत कमी पाण्यात तिचीच आंघोळ झाली.

पुढे मंदी आली. मार्च २००९ मध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन्ही आरव्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. २०१४ मध्ये अ‍ॅटवूड डोमेटिक या कंपनीच्या पोटात गेली. त्यानंतरच्या वर्षांत बिघाड ओळखायचा म्हणजे बोर्डाचा कोड वाचायचा आणि दुरुस्तीसाठी आठवडेच्या आठवडे थांबायचं.

आणि आता हे टँकलेस, म्हणजे टाकीच नसलेले, लागेल तसं पाणी तापवणारे गीझर. म्हणे गरम पाणी संपतच नाही. अहो, पण सांडपाण्याची टाकी संपते ना! तीस-चाळीस गॅलनची ती टाकी भरली की तुमचं अखंड गरम पाणी सोडणार कुठे? शिवाय यातले बहुतेक फक्त गॅसवर चालतात. म्हणजे भाड्यात मिळालेली वीज बाजूला ठेवून आपलं प्रोपेन जाळायचं. याला सुधारणा म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात.

कोणी जुनी गाडी घेत असाल तर टँकलेसच्या नादी लागू नका. गीझर सबर्बनचा असेल तर तो बंद करा, पाण्याचा पुरवठा तोडा, पाणी गार होऊ द्या, रिलीफ व्हॉल्व्ह उघडून दाब सोडा आणि एक पूर्णांक एक-सोळांश इंचाच्या सॉकेटने रॉड बाहेर काढून बघा. किंमत त्यानंतर ठरवा.