बॉनेटखालचं झाकण

गाडीचं बॉनेट बायकांनी उघडायचं नाही, असा काही आमच्या घरात नियम नव्हता. कुणी मला कधी अडवलंही नव्हतं. पण लग्नाला तीस वर्षं होऊनही मी ते एकदाही उघडलं नव्हतं, हे मात्र खरं. तुमच्यापैकी किती जणींनी उघडलंय, सांगा बरं!

आमच्या बार्शीच्या घरासमोर कडुलिंबाखाली १९८७ सालची ॲम्बॅसॅडर उभी असते. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. याच गाडीतून मी या घरात आले, याच गाडीतून मुलाला दवाखान्यातून घरी आणलं. नाना थकल्यावर तिची उस्तवार ह्यांच्याकडे आली. रविवारी सकाळी बॉनेट वर आणि ह्यांचं डोकं आत. मी चहाचा कप मडगार्डवर ठेवायची आणि मागे वळायची. आत काय आहे ते बघावंसंही वाटलं नाही. आपलं राज्य स्वयंपाकघरात, ह्यांचं बॉनेटखाली.

हे गेले त्याला चार वर्षं झाली. चालवायला मी ह्यांच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे गाडी बंद पडून राहिली नाही. मंडई, बँक, आईंना म्हणजे सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणं, सगळं तिच्यावरच. पण फेब्रुवारीत गाडी थांबवली की जळकट वास यायला लागला. एक दिवस तर बॉनेटच्या फटीतून धूर आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं आधी माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. मग आत डोकावून म्हणाला, "सगळीकडे ऑइलच ऑइल आहे मॅडम. इंजिन कामाला आलंय. खोलावं लागेल. चाळीस हजार धरून चाला."

मुलाला फोन केला. तो पुण्यात. म्हणाला, "आई, किती दिवस ओढणार? पंधरा वर्षांच्या वरची गाडी, दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, त्यात हा खर्च. विकून टाकू. पुढच्या महिन्यात मी गिऱ्हाईकच घेऊन येतो." त्याचं काही चुकलं नव्हतं. आई त्यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हातात केरसुणी घेऊन टपावरचा पाला झाडताना दिसल्या. ऐंशी ओलांडलेली बाई, चवड्यांवर उभी राहून.

मग मला चाचांची आठवण झाली. नानांच्या वेळेपासून आमची गाडी बघणारे मेकॅनिक. आता हात थरथरतात म्हणून गॅरेज बंद करून घरीच असतात. निरोप धाडला, तर संध्याकाळी नातवाच्या स्कूटरवर बसून हजर.

त्यांनी काय केलं असेल? काहीच खोललं नाही. मला एक जुनं धोतर आणायला सांगितलं आणि गार इंजिन वरून खालपर्यंत पुसून घ्यायला लावलं. मग पंधरा मिनिटं चालू ठेवलं आणि बंद करून टॉर्च मारला. म्हणाले, "वहिनी, तेल वर चढत नाही, खालीच येतं. म्हणून सगळ्यात वर कुठं ओलं आहे ते आधी शोधायचं."

सगळ्यात वर ओलं होतं ते एका लांबट पत्र्याच्या झाकणाच्या कडेला. मेकॅनिक लोक त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्या कडेतून पाझरणारं तेल खालच्या तापलेल्या एक्झॉस्टवर थेंबथेंब पडत होतं. म्हणून वास, म्हणून धूर. म्हणजे इंजिन शाबूत होतं, झाकणाखालचं पॅकिंग तेवढं गेलं होतं!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग कडक झाली की झाकणातून वाफ सुटते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? इथंही तसंच. फरक इतकाच की कुकरात वाफेचा दाब असतो आणि या झाकणाखाली उडणारं तेल असतं. ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन अशा आठ झडपा. त्यांना वरून दाबणारे दांडे या झाकणाखाली खालीवर नाचत असतात आणि त्यांच्यावर सतत तेल येत असतं. ते तेल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर, एवढंच या झाकणाचं काम. कडेला पॅकिंग असतं बुचाच्या लाकडाचं. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं, तडकतं.

"मीच करून दिलं असतं," म्हणत चाचांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही करा. मी खुर्चीवर बसून सांगतो."

पॅकिंग पुण्याच्या नाना पेठेतून मुलाकडून मागवलं. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाला आणि ॲम्बॅसॅडर निघायची थांबली, तरी शोधलं तर सामान मिळतं. मुलाला वाटलं, गिऱ्हाइकासाठी करतेय. मी तसंच वाटू दिलं.

पार्सल आल्यावर सकाळी इंजिन गार असताना सुरुवात केली. प्लगच्या वायरी बाजूला केल्या, झाकणाला जोडलेली नळी सोडवली. वर दोनच नट. त्यांच्याखालचे वायसर आणि रबर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं ताटात मांडून ठेवले. झाकण चिकटून बसलेलं. मी पेचकस घालायला गेले तर चाचा ओरडले, "पत्रा वाकेल!" लाकडी हातोडीनं बाजूनं हलके ठोकल्यावर ते सुटलं.

आणि पहिल्यांदा मी आत बघितलं. सोनेरी तेलानं माखलेल्या स्प्रिंगा, दांडे, कसे ओळीनं बसलेले. इतकी वर्षं हे रविवारी काय बघत होते ते मला त्या दिवशी कळलं. थोडा वेळ मी नुसतीच उभी राहिले. चाचाही काही बोलले नाहीत.

मग स्वच्छ कापड पसरून इंजिन झाकलं, आत कचरा पडू नये म्हणून. झाकण हातात घेतलं तर रंगाचे पापुद्रे निघालेले, खाली गंज. चाचा म्हणाले, "काढलंच आहे तर रंगवूनच बसवा. नाहीतर गंज पत्रा खाणार." पापुद्र्याखाली निळा रंग दिसला. आई पुढं झाल्या. "हा ह्यांनी दिलेला," त्या म्हणाल्या, "उरलेल्या खिडकीच्या रंगातला." आणि तिथंच पाट घेऊन बसल्या. कडेला चिकटलेलं जुनं बूच त्यांनी लाकडी उलथन्यानं अलगद खरवडून काढलं. लोखंडी पात्यानं चरे पडतात, ते पडले नाहीत.

आता रंगकामाचं सांगते, कारण माझी फजिती तिथंच झाली. झाकण डिझेलनं धुतलं, साबणानं धुतलं, तारेच्या ब्रशानं आणि पॉलिश पेपरनं घासलं. मला वाटलं, झालं. गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं, म्हणून घाईनं भर दुपारी स्प्रे मारला. बघता बघता रंगावर बारीक बारीक खळगे उठले, जणू रंगच तिथून पळ काढत होता. "तेल राहिलंय," चाचा शांतपणे म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही, पण रंगाला कळतं." झालं! सगळा रंग घासून काढला. त्या रात्री हात इतके दुखत होते की पोळ्या लाटवेनात. आईंनी भात टाकला.

दुसऱ्यांदा मात्र सगळं चाचांच्या हिशेबानं केलं. तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर म्हणून सांगते:

धुणं हेच खरं काम. आधी डिझेल, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. पाणी झाकणावर सगळीकडे सारखं पसरलं पाहिजे. थेंब गोळा होऊन ओघळला तर समजायचं, तेल आहे.

घासताना पॉलिश पेपर आधी जाड, मग बारीक. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून वॉटर पेपरनं ओलंच घासायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि लेकरांना लांब ठेवायचं. झाकणाची आतली बाजू शेवटी नीट धुऊन वाळवायची. तिथं राहिलेला रेतीचा कण तेलातून इंजिनभर फिरतो.

मग थिनरच्या कापडानं पुसायचं आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. आपल्या बोटांनाही तेल असतंच की!

आतली बाजू रंगवायची नाही, कारण सुटलेला पापुद्रा तेलात पडतो. पॅकिंग बसतं ती कड, नटांची भोकं, तेल ओतायचं तोंड, नळीची जागा, सगळीकडे चिकटपट्टी लावायची.

रंग इंजिनचाच आणायचा. चालून आलेल्या गाडीचं हे झाकण शंभर अंशांच्या आसपास तापतं, साधा ऑइलपेंट तिथं टिकत नाही. उष्णता सोसणारा रंग आणि त्याचाच प्रायमर घ्यायचा, किती अंशांपर्यंत चालतो ते डब्यावर वाचून.

स्प्रे मारायचा सकाळी, सावलीत, वारा नसताना. रणरणत्या उन्हात रंग पडायच्या आत सुकतो, पावसाळी दमट हवेत पांढरट पडतो. वीतभर लांबून, हात चालता ठेवून, पातळ थर द्यायचे. पहिला थर इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. एक जाड थर दिला की ओघळ आलाच. मध्ये किती वेळ थांबायचं तेही डब्यावर लिहिलेलं असतं. जवळ गॅस, शेगडी, देवापुढचा दिवा काहीही पेटतं नको. आणि वाळवायला घरचा ओव्हन वापरू नका, त्यात आपण खायचं करतो. मी दोन दिवस गच्चीवर, जिथं कुरडया घालते तिथंच, वरून चाळण झाकून ठेवलं.

बसवताना नवं पॅकिंग झाकणाच्या कडेला नीट बसवलं, झाकण ठेवलं, नट आधी हातानं फिरवले. मग पाना घेतला आणि मला वाटलं, गळती थांबवायची तर जोर लावला पाहिजे. चाचांनी हात वर केला. "बास! पत्रा आहे, वाकेल. बूच बाहेर येईल आणि पुन्हा गळेल. थोडं इकडचं, थोडं तिकडचं. जितकं लागतं तितकंच." हे वाक्य मी गाडीपुरतं ठेवलेलं नाही.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक गाडीचं झाकण वेगळं. काहींचं ॲल्युमिनियमचं असतं, त्याला धुण्याचा सोडा लावला तर काळं पडतं. नव्या कितीतरी गाड्यांमध्ये ते प्लास्टिकचं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. खोलण्याआधी माहीतगाराला विचारा. पण विचारा तुम्ही स्वतः.

सगळ्या कामाला पॅकिंग, प्रायमर, रंगाचे दोन डबे (एक फुकट गेलेला धरून), पेपर, थिनर असे दीड हजारांच्या आतच पैसे लागले. चाचांनी एक रुपया घेतला नाही. आईंनी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मात्र नेला.

गाडी सुरू केली. नव्या रंगाचा थोडा वास आला, तो पहिल्या दिवशी येतोच. पंधरा मिनिटांनी बंद करून टॉर्च मारला. कड कोरडी. दुसऱ्या दिवशी मंडईत जाऊन आले, पुन्हा बघितलं. कोरडीच.

रविवारी मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन आला. त्या माणसानं बॉनेट उघडायला सांगितलं, आणि मीच पुढं होऊन उघडलं. काळ्याकुट्ट इंजिनावर ते निळं झाकण चमकत होतं. "कुणाकडून काम करून घेतलं?" त्यानं मुलाला विचारलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी काय केलं, कुठून गळत होतं, अजून काय बाकी आहे, ते सगळं सांगितलं. मागच्या ब्रेकचं काम आहे हेही सांगितलं. तो माणूस आधी म्हणाला होता त्यापेक्षा बरीच जास्त रक्कम बोलला. मी म्हटलं, "विचार करून कळवते."

अजून कळवलेलं नाही. गाडी कायम राहणार नाही, हे मलाही माहीत आहे. ब्रेकचं काम झालं की आईंना एकदा तुळजापूरला घेऊन जायचंय, मग बघू. विकायची की ठेवायची ते आता गाडीकडे बघून ठरवीन, धुराला घाबरून नाही.

परवा गाडी धुताना आई म्हणाल्या, "रंग त्यांच्यापेक्षा जरा गडदच झालाय गं." मी म्हटलं, "हो आई, तेवढा एकच निळा मिळाला बार्शीत." त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे. हा तुझा."