राखेवर उमटलेला चोर

मुलांनो, तुमच्या घरी कोंबड्या असतील तर ही गोष्ट तुमचीच आहे. नसतील, तरी वाचा. कारण या गोष्टीत एक चोरी आहे, खोटा आळ आहे आणि एकवीस दिवसांची वाट पाहणं आहे.

मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग शिकवते. एका सोमवारी वर्गातली एक मुलगी उशिरा आली. डोळे रडून सुजलेले. काय झालं म्हणून विचारलं, तर हुंदके देत म्हणाली, "बाई, आमच्या कोंबड्या गेल्या."

रात्री खुराड्याचं दार ढकलून कुणीतरी आत शिरलं होतं. पाचपैकी तीन कोंबड्या आणि एकुलता एक कोंबडा मेला होता. दोनच कोंबड्या वाचल्या. एक लिंबाच्या झाडावर झोपली होती म्हणून, आणि दुसरी खुडूक झाल्यामुळे आजीनं तिला घरात पाटीखाली कोंडली होती म्हणून. अंडी विकून आजीची औषधं आणि या मुलीच्या वह्या येत होत्या. आता काय?

आळ कुणावर?

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आजी म्हणाली, "अवं बाई, मुंगसाचंच काम हे. दुसरं कोण येतंय?" मुलीचा काका तर तारेचा फासा करत बसला होता.

मी म्हटलं, "दोन दिवस थांबा. आधी चोर कोण ते पाहू."

मुंगूस कोंबडी मारतं, अंडीही फोडून खातं, हे खरं. पण मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. अंधार पडला की तो बिळात जातो. चोरी झाली होती मध्यरात्री! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाला मारणं हा गुन्हा आहे. आणि शेतातले उंदीर, घुशी, साप खाऊन तो शेतकऱ्याचं कामच करत असतो.

आम्ही चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंद पसरली. एकदा शिकार मिळाली की प्राणी त्याच जागी पुन्हा येतो. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी धावत माझ्याकडे आली. राखेवर ठसे उमटले होते!

ठसे गोलसर होते. प्रत्येकात चार बोटं, पण नखांची खूण कुठंच नाही. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या ठशात नखं दिसत नाहीत. कुत्र्याच्या ठशात दिसतात. मुंगसाच्या ठशात तर पाच बोटं आणि नखांचे टोकदार ठिपके असतात. म्हणजे चोर होतं मांजर. गावातला बोका की रानमांजर, हे मात्र राखेनं सांगितलं नाही.

काकानं फासा सोडून तार गुंडाळून ठेवली. बिचारं मुंगूस! न केलेल्या गुन्ह्यासाठी त्याचा जीव जाणार होता.

अंडी निघाली प्रवासाला

चोर कळला, पण कोंबड्या परत थोड्याच येणार? खुडूक कोंबडी मात्र अंड्यांवर बसायला उतावीळ झाली होती. पण बसवायला अंडी कुठली? दुकानातली अंडी चालणार नव्हती. अंड्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो. त्यामुळे त्या अंड्यांत पिल्लू तयारच होत नाही.

माझा भाऊ परभणीला असतो. त्याच्या वाड्यावर गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. त्यानं आठवडाभरातली ताजी वीस अंडी जमवली. प्रत्येक अंडं कागदात गुंडाळलं आणि भुसा भरलेल्या खोक्यात रुंद टोक वर ठेवून लावलं. ओळखीच्या एका प्रवाशाबरोबर खोकं एसटीनं जिंतूरमार्गे मंठ्याला आलं. पण खोकं ठेवलं होतं मागच्या सीटखाली! मागच्या सीटवर किती उसळ्या बसतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन अंडी तडकली. उरली अठरा.

मुलांना वाटलं, आता लगेच कोंबडीखाली ठेवायची. मी म्हटलं, "नाही. पाहुणे दमून आलेत. त्यांना आधी झोपू द्या."

अंड्याच्या रुंद टोकाकडे हवेची एक छोटी पोकळी असते. जन्माच्या आदल्या दिवशी पिल्लू पहिला श्वास तिथंच घेतं. प्रवासात हादरे बसले की ही पोकळी जागची हलते. म्हणून दूरून आलेली अंडी टोकदार बाजू खाली करून एक दिवस गार जागी शांत ठेवायची. अंडी धुवायची मात्र नाहीत. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक लेप असतो. धुतलं की लेप जातो आणि जंतू आत शिरतात.

कोंबडी विरुद्ध बाईंचं खोकं

दहा अंडी कोंबडीखाली ठेवली. उरलेल्या आठांसाठी मी घरी थर्मोकोलचं खोकं तयार केलं. आत बल्ब, तापमापक आणि पाण्याची वाटी. खोक्यात साडेसदतीस अंश सेल्सिअस तापमान हवं. पाण्यामुळे हवा दमट राहते. अंड्यांवर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढला. दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची. न फिरवली, तर आतला जीव कवचाच्या पडद्याला चिकटतो. कोंबडी हे काम चोचीनं आपणहून करते, रात्रीसुद्धा.

सातव्या रात्री आम्ही अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर अंडी पाहिली. काही अंड्यांत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं आणि मधे हलणारा ठिपका! मुलं श्वास रोखून पाहत राहिली. कोंबडीची दोन आणि माझी तीन अंडी मात्र नुसती पिवळट, रिकामी दिसली. ती काढून टाकली.

सोळाव्या रात्री वीज गेली. मी गाढ झोपले होते. पहाटे पाहते तो खोकं थंडगार! घाईघाईनं गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं थांबवायचं. तेव्हा पिल्लू बाहेर येण्यासाठी तोंड वळवून बसतं. एकवीस दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. म्हणून ज्या वारी अंडी बसवली त्याच वारी पिल्लं निघतात. आमचा वार रविवार होता. आजीच्या पाटीतून सात पिल्लं निघाली! माझ्या खोक्यातून सोमवारी दोन. थंडीमुळे त्यांना उशीर झाला. तीन तर निघालीच नाहीत. एका मुलानं मला विचारलं, "बाई, ती तुमच्यामुळं मेली का?" मी खरं ते सांगितलं, "हो. वीज गेल्यावर काय करायचं, हे मी आधी ठरवायला हवं होतं."

कवच फोडताना पिल्लू मधेच थांबतं. त्याला अर्धा दिवस, कधी पुरा दिवसही लागतो. आपण कवच सोलायला जायचं नाही, रक्तस्राव होतो. बाहेर आल्यावरही घाई नाही. बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात गेलेला असतो. त्यावर ते दोन दिवस सहज काढतं. याच शिदोरीच्या भरवशावर अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं टपालानं पाठवतात!

माझी दोन पिल्लं आम्ही रात्री अंधारात कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. सकाळी तिनं नऊही आपलीच मानली.

किल्ला बांधू या

आता पाळी खुराड्याची. काका, मुलं आणि आजी सगळेच कामाला लागले. दाराला लाकडी अडसराऐवजी कडी आली. भोकांवर अर्ध्या इंचाची मजबूत लोखंडी जाळी ठोकली. यापेक्षा मोठ्या भोकातून साप आणि घुशी शिरतात. भिंतीच्या कडेनं फूटभर खोल चर खणून त्यात दगड भरले, म्हणजे खालून उकरता येत नाही. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यायचे, कारण दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. अंडी रोजच्या रोज उचलायची. आणि दिवेलागणीच्या आधी कोंबड्या मोजून कडी लावायची.

हे झालं रात्रीचं. दिवसा धोका वरून येतो. दहाव्या दिवशी एक पिल्लू घारीनं उचललं. कोंबडी ओरडली, पण लपायला जागाच नव्हती. तेव्हापासून पिल्लं डालग्याखाली असतात आणि अंगणाच्या एका कोपऱ्यावर जुनी साडी ताणून बांधली आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठी 'वनराजा' ही जात तयार केली. तिचा रंग मुद्दाम गावरान कोंबडीसारखा रंगीबेरंगी ठेवला आहे. पांढरी कोंबडी शिकाऱ्याला लांबून दिसते, रंगीत तशी चटकन दिसत नाही.

एक शत्रू मात्र जाळीतूनही शिरतो, तो म्हणजे रोग. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस द्यायला हवी. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथंही विचारता येईल. पालकांनो, २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तर हात न लावता आधी दवाखान्यात कळवा. मुलांनो, पिल्लं हाताळल्यावर तुम्हीही साबणानं हात धुवा.

आज त्या घरी आठ पिल्लं आहेत. पाच-सहा महिन्यांत तलंगा अंडी देऊ लागतील. तोवर वह्या उधारीवर, असं आजीनं दुकानदाराला सांगून ठेवलं आहे. दिवे लागायच्या आधी मुलगी मोठ्यानं पिल्लं मोजते, "एक, दोन, तीन..." आणि "आठ" म्हटल्यावर कडी वाजते.

परवा शेताच्या बांधावर तिला मुंगूस दिसलं. ते क्षणभर उभं राहून तिच्याकडे पाहत होतं. तिनं दगड उचलला नाही. "बाई," ती म्हणाली, "मी त्याला म्हटलं, चुकलं आमचं."

करून पाहा : रात्री अंगणात किंवा परसात चाळलेली राख पसरा. सकाळी उमटलेले ठसे वहीत काढा. बोटं मोजा, नखं आहेत का ते पाहा. तुमच्या घरी रात्री कोण पाहुणा येतो, ते शोधून काढा बरं!